गहाणाच्या पेढीवरची भांडणे

सोने गहाण ठेवून घेणारी पेढी म्हटली की आपल्या मनात पहिल्यांदा व्याज येते. सावकार म्हणजे व्याज आणि व्याज म्हणजे पिळवणूक, हा आपल्याकडचा पक्का हिशेब आहे. कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी तो आणखी पक्का केला. तो सगळाच खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण अशा पेढीच्या उंबऱ्याशी ज्यांचे रोजचे येणे-जाणे आहे त्यांना विचारून पाहावे. दिवसभरात तिथे जी वादावादी होते, तिच्यात व्याजाचा वाटा वाटतो तेवढा मोठा नसतो. गिऱ्हाईक भांडते ते डागाचे वजन किती धरले यावरून, कस काय लावला यावरून, मुदत केव्हा संपली यावरून. आणि सर्वांत कडवे भांडण असते ते मुळात हा डाग होता कोणाचा, यावरून.

या विषयावर लिहावेसे वाटले याचे कारण आपल्या मंडळींचा या बाजाराशी असलेला संबंध. सांगली जिल्ह्यातला खानापूर-विट्याचा भाग, आटपाडी, कवठेमहांकाळ, शेजारचे माण, खटाव, सांगोला हा सगळा कमी पावसाचा पट्टा. तिथून बाहेर पडलेली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात शिरली आणि केरळपासून बंगालपर्यंत, दक्षिणेतल्या तालुक्याच्या गावांपर्यंत जाऊन बसली. परमुलखातल्या कितीतरी गणेशोत्सव मंडळांची सुरुवात अशाच चार-दोन गलाई कुटुंबांनी केलेली आहे. सराफ बाजारात गहाणाची पेढी आणि गलाईचे दुकान ही बहुधा एकाच गल्लीत असतात. गिऱ्हाइकाने न सोडवलेला डाग पेढीवरून निघतो आणि आमच्या मुशीत येऊन संपतो. त्यामुळे पेढीवर जे भांडण मिटत नाही, ते कधी कधी आमच्या दारात येते. ते कसे, हे पुढे येईलच.

आधी शब्दांविषयी थोडेसे. आपला ‘गहाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रहण’ या शब्दातून आला. उत्तरेकडचा आणि कर्नाटकातही रुळलेला ‘गिरवी’ हा फारसीतला, ‘रेहन’ हा अरबीतला. तमिळमध्ये ‘अडगु’, मलयाळममध्ये ‘पणयम’, बंगालीत ‘बंधक’. आणि गहाण बुडाल्यावर जो ‘लिलाव’ होतो तो शब्द पोर्तुगिजांनी आपल्याला दिला. फ्रान्समध्ये तर या दुकानाला ‘मावशी’ म्हणत आणि इंग्लंडमध्ये ‘काका’. घड्याळ कुठे गेले असे विचारले तर ‘मावशीकडे आहे’ असे सांगायचे, म्हणजे चारचौघांत लाज राहते. आपल्याकडे इतका विनोद नाही. आपल्याकडची बाई हात रिकामे दिसले तर ‘पॉलिशला दिलेत’ म्हणते.

जुन्या पद्धतीच्या पेढीची मांडणी सगळीकडे साधारण सारखीच. पुढे लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी. आत गादीवर किंवा खुर्चीवर वडील, तराजूपाशी मुलगा, वही लिहायला पुतण्या नाही तर गावाकडून आणलेला नात्यातला पोरगा. डाग कापडाच्या किंवा कागदाच्या पुडीत घालायचा, पुडीवर नंबर टाकायचा, तोच नंबर पावतीवर आणि तोच वहीत. तिजोरीची किल्ली घराबाहेरच्या माणसाकडे जात नाही. हा धंदा पिढ्यान् पिढ्या एकाच कुटुंबात राहतो तो हौसेने नव्हे. तिजोरीत जे असते ते सगळे दुसऱ्याचे असते आणि त्यातली एक पुडी हलली तर पेढीची पत बुडते. नोकरावर टाकता येत नाही असा हा धंदा आहे.

पण घरचा कारभार म्हटला की घरातली भांडणेही गादीवरच येतात. वडील जुन्या गिऱ्हाइकाला ओळखतात. त्याच्या लग्नात घडवलेली साखळी तीनदा गहाण पडून तीनदा सुटलेली त्यांनी पाहिलेली असते. ते मुदत उलटली तरी थांबतात. मुलगा म्हणतो, भाव पडायच्या आत मोडून टाका. दोघांचेही चूक नसते. थांबलेल्या प्रत्येक डागामागे पेढीचा पैसा अडकतो, आणि न थांबलेल्या डागामागे एक घर तुटते. गिऱ्हाइकालाही हे बरोबर कळते. मुलगा गादीवर असला तर ते बाहेरच रेंगाळते आणि ‘मोठे शेठ केव्हा येणार’ असे विचारते.

आता वजनाचे भांडण. बाई म्हणते पाच तोळ्यांचा हार आहे, पेढीवाला चार तोळे दोन मासे लिहितो. मधले गेले कुठे? तर खड्यांचे, दोऱ्याचे, मेणाचे, लाखेचे वजन त्याने वजा केलेले असते. आपल्या दागिन्यांची यात फार पंचाईत होते. बोरमाळेचे मणी पोकळ आणि आत लाख भरलेली. कोल्हापुरी साजातही लाखेवर सोन्याचा पत्रा. महाराष्ट्रातला सराफ हे बघताच ओळखतो आणि लाखेची वजावट हिशेबाने करतो. परप्रांतातल्या पेढीवर हाच डाग गेला की तिथला माणूस बुचकळ्यात पडतो आणि आपल्या बाजूने हात राखून निम्मेच सोने धरतो. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांचे तसेच. आजीने ‘इतक्या तोळ्यांचा’ म्हणून कौतुकाने दिलेला डाग जाळीच्या आड अर्धा होतो, तेव्हा बाईला वाटते आपल्याला लुटले. पेढीवाल्याला वाटते आपण सावध राहिलो.

त्यात तोळ्याचाच घोळ. जुना तोळा ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली आणि पुढच्या काही वर्षांत ती सक्तीची झाली. बाजाराने ‘तोळा’ हा शब्द सोडला नाही, फक्त त्याचा अर्थ १० ग्रॅम केला. आजीच्या पाच तोळ्यांचे ५८ ग्रॅम होतात आणि नातीच्या पाच तोळ्यांचे ५०. एकाच घरातल्या दोन हारांवरून दोन पिढ्या पेढीवर भांडल्या तर त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही.

कसाचे भांडण याहून अवघड. कसोटीच्या काळ्या दगडावर डाग घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाची सोनेरी रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे. हजारो वर्षांची ही युक्ती अजून चालते, कारण ती स्वस्त आहे आणि बसल्या जागी होते. पण कसोटीला दिसते ते फक्त वरचे कातडे. आत तांबे असेल, जोडाला डाख जास्त असेल, तर दगडाला ते कळत नाही. आजची क्ष-किरणांचे यंत्रही पृष्ठभागाच्या फार खोल जात नाही. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क द्यायला २००० साली सुरुवात केली. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक आला. नव्या डागांपुरते भांडण त्याने कमी झाले. पण पेढीवर येतात ते जुनेच डाग जास्त, आणि त्यांचा खरा कस फक्त वितळवल्यावर कळतो.

तिथे आमची गलाई सुरू होते. मूस, भट्टी, टाकणखार. सोन्यात चांदी साधारण तिप्पट होईल इतकी घालून ते एकजीव करायचे, त्याचा पातळ पत्रा किंवा दाणे करून नायट्रिक आम्लात उकळायचे. चांदी आणि तांबे आम्लात विरघळते, सोने तळाशी तपकिरी भुकटीसारखे राहते. ते धुऊन पुन्हा वितळवले की शुद्ध सोने. आम्लात गेलेली चांदी तांब्याचा पत्रा टाकून परत काढायची. वाऱ्यावर ठेवलेल्या त्या पिवळ्या धुराने छाती किती खराब होते हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. पण या सगळ्यानंतर जो आकडा येतो त्यावर मात्र वाद होत नाही. अडचण एवढीच की तोपर्यंत डाग उरलेला नसतो. डाग मोडल्याशिवाय कस कळत नाही, आणि कस कळला की परत द्यायला डाग नाही. गहाणाच्या धंद्याचा सगळा अविश्वास या गाठीत आहे.

व्याजाकडे येऊ. कौटिल्याने शेकडा दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले. व्यापाऱ्याला पाच, रानातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. धोका जास्त तसा दर जास्त, हे गणित तेव्हाही स्पष्ट होते. याज्ञवल्क्य स्मृतीत तारण असलेल्या कर्जाला ऐंशीवा भाग, म्हणजे पुन्हा सव्वा टक्काच. तारण नसेल तर वर्णाप्रमाणे दोन ते पाच टक्के, आणि खालच्या मानलेल्या वर्णाला सर्वांत जास्त! ज्याच्याकडे सर्वांत कमी त्याला दर सर्वांत जास्त, हा प्रकार नवा नाही. स्मृतिकारांनी गहाणाचे दोन प्रकार केले. सावकाराने नुसते जपून ठेवायचे ते गोप्य, आणि त्याने वापरायचे, उदाहरणार्थ शेत किंवा जनावर, ते भोग्य. वापरले तर व्याज नाही. नुसते जपायचे गहाण असेल तर मुद्दल दुप्पट होईपर्यंत सोडवता येते, नाही तर ते बुडते. पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी मान्य केलेला ‘दामदुपट’ याच विचाराचा: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये.

पेढीवर मात्र व्याजाचे भांडण दरापेक्षा मोजणीवरून होते. एक महिना आणि दोन दिवस झाले तर पुष्कळ ठिकाणी दोन महिन्यांचे व्याज धरतात. दहा हजारांची पावती करून पहिल्या महिन्याचे दोनशे आधीच कापून नऊ हजार आठशे हातावर ठेवतात. गिऱ्हाइकाच्या लेखी दर शेकडा दोन, हिशेबाने तो त्याहून थोडा जास्त. हे जाळीवर उभे राहून कोण मोजणार? तिथे माणूस आलेला असतो तो दवाखान्यातून नाही तर शाळेच्या फीच्या रांगेतून.

आता मुदत. १८७२ हे साल या विषयात मोठे. त्या एकाच वर्षी इंग्लंडमध्ये गहाणवाल्यांचा कायदा झाला आणि हिंदुस्थानात कराराचा कायदा. इंग्लंडमध्ये तेव्हा कामगार वस्तीतल्या बायका सोमवारी नवऱ्याचा रविवारचा कोट गहाण टाकत आणि शनिवारी पगार आला की सोडवत. एक कोट वर्षात पन्नास वेळा पेढीचा उंबरा चढे. त्या कायद्याची कलमे वाचताना एकेका भांडणाचा आवाज ऐकू येतो. बारा वर्षांखालच्या दिसणाऱ्या मुलाकडून वस्तू घेऊ नये. दारू प्यालेल्याकडून घेऊ नये. पावती ज्याच्या हातात त्याला हक्कदार धरावे, आणि पावती हरवली तर काय करावे याची वेगळी रीत. सोडवायला बारा महिने आणि वर सवलतीचे सात दिवस. हे सात दिवस कायद्यात उगाच आले नसणार. वर्ष संपल्याच्या दुसऱ्या दिवशी धापा टाकत आलेले गिऱ्हाईक आणि ‘काल संपली’ म्हणणारा दुकानदार, हा देखावा कायदा करणाऱ्यांनी पाहिला असणारच.

मद्रास इलाख्याने १९४३ साली आपला गहाणवाल्यांचा कायदा केला, तो याच वळणाचा. परवाना, पावती, वर्षाची मुदत आणि वर सात दिवस, मग जाहीर लिलाव. तोच कायदा तमिळनाडूत पुढे चालू राहिला. कर्नाटकाने १९६१ साली स्वतःचा केला. महाराष्ट्रात गहाणासाठी असा वेगळा कायदा नाही. तिथे हा व्यवहार सावकारी कायद्याखाली येतो: आधी १९४६ चा, आणि आता २०१४ चा.

आणि सर्वांच्या तळाशी तो १८७२ चा कराराचा कायदा आजही आहे. त्यातली दोन कलमे प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ असायला हवीत असे मला वाटते. कलम १७६ सांगते की पैसे आले नाहीत तर गहाण विकता येते, पण आधी वाजवी नोटीस द्यायला हवी. विकून येणे फिटले आणि वर काही उरले तर ते गहाण ठेवणाऱ्याचे. कमी पडले तर तेही त्याच्याच डोक्यावर. कलम १७७ सांगते की मुदत टळली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत वस्तू सोडवता येते, वाढीव खर्च भरून. म्हणजे ‘मुदत संपली, डाग आमचा झाला’ हे पेढीवर ऐकू येणारे वाक्य कायद्यात बसत नाही. डाग विकला जाईपर्यंत तो गिऱ्हाइकाचाच असतो. पण लिलावातून उरलेले पैसे मागायला परत आलेले गिऱ्हाईक फार थोड्यांनी पाहिले असेल. डाग गेला म्हटल्यावर माणसे त्या गल्लीतूनसुद्धा जात नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी जो उठाव झाला, ज्याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे खत-रोखे हिसकावून जाळले. तिथे कागद सावकाराच्या घरात होता आणि तो कागद म्हणजेच कर्ज. कागद जळला की कर्ज जळाले, असा त्यांचा सरळ विचार. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. गहाणाच्या पेढीवर सगळे उलटे असते. इथे कागद गिऱ्हाइकाच्या ट्रंकेत असतो आणि तो जपण्यात त्याचाच जीव अडकलेला असतो. पावती हरवली की बाई घाबरीघुबरी होते. शेतजमिनीच्या सावकारावर गाव तुटून पडले. सोन्याच्या सावकारावर तसे कोणी सहसा तुटून पडत नाही, कारण त्याच्या तिजोरीत गावाचेच सोने असते. रागही तिथे हात राखून येतो. पेढीवर दरोडा पडला तर गिऱ्हाईकच आधी रडत धावते. आणि कायदा तिथे पेढीवाल्याकडून एवढेच मागतो की शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी त्याने घेतली होती का. घेतली असेल, आणि वेगळा करार नसेल, तर भरपाई नाही. या मुद्द्यावर पेढीसमोर जी गर्दी जमते ती पांगवायला पोलीसच लागतात.

आता शेवटचे आणि खरे भांडण: डाग कोणाचा?

नवरा बायकोचे गंठण घेऊन येतो, पावती आपल्या नावाने करतो. सहा महिन्यांनी बायको जाळीपाशी येऊन उभी राहते. पावती तिच्याकडे नाही. पेढीवाला म्हणतो, ज्याची पावती त्याला डाग. ती म्हणते, गळा माझा आहे. स्त्रीधनावर याज्ञवल्क्याने नवऱ्याला चार प्रसंगी हात घालू दिला: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि कैद. त्या वेळी घेतलेले परत करण्याची सक्ती नाही. या चार प्रसंगांच्या नावाखाली किती पाटल्या-बांगड्या गेल्या असतील कोण जाणे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या एका निकालात स्वच्छ सांगितले की स्त्रीधन ही पत्नीची पूर्ण मालमत्ता आहे, नवऱ्याकडे ते असले तर विश्वस्त म्हणूनच असते. कराराच्या कायद्याचे कलम १७९ म्हणते की वस्तूत ज्याचा जेवढा हक्क तेवढ्यापुरतेच त्याने ठेवलेले गहाण चालते. कागदावर हे सगळे बाईच्या बाजूचे आहे. जाळीसमोर ती एकटी असते आणि हातात पावती नसते. जुने पेढीवाले अशा वेळी एक करत: मंगळसूत्र असेल तर बायकोला बरोबर आणल्याशिवाय घेत नसत. त्यात कायदा थोडा, देवाची भीती थोडी आणि पुढच्या कटकटीचा अनुभव बराच.

चोरीच्या मालाचे त्याहून वाईट. कायदा इथे बारकावा करतो. कलम १७८-अ प्रमाणे, फसवून घेतलेली वस्तू मूळ मालकाने तो करार मोडण्याआधी कोणी गहाण ठेवली आणि पेढीवाल्याला फसवणूक माहीत नसेल, तर पेढीवाल्याचा हक्क टिकतो. चोरलेली वस्तू मात्र चोराची कधीच होत नाही, म्हणून ती घेणाऱ्याचीही होत नाही. पेढीवाल्याला वस्तूही द्यावी लागते आणि दिलेले पैसेही जातात. जाणूनबुजून घेतली असेल तर गुन्हा. भारतीय दंड संहितेत तो कलम ४११ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असणे किंवा तसे मानायला कारण असणे, हा त्या कलमाचा प्राण. आणि नेमके हेच ‘माहीत होते की नव्हते’ दाखवणे सर्वांत कठीण.

आता आमच्या दुकानांकडे या. गहाणाच्या पेढीवर डाग डागाच्या रूपात असतो, नंबर टाकलेल्या पुडीत. पोलीस आले तर दाखवता येतो. मालकीण आली तर ओळखता येतो. गलाईच्या दुकानात तो लगड झालेला असतो. वीस जणांच्या मोडीची एक लगड, तिच्यात कोणाचा कोणता हार गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून संशय आमच्याकडेच लवकर वळतो. कुठे चोर पकडला की तो दोन-चार दुकानांची नावे घेतो. मग परक्या गावचे, परक्या भाषेतले पोलीस दारात, दुकानातला पोरगा सोबत, आणि चोरीला गेले तेवढ्या वजनाचे सोने ‘जप्त’. ते सोने त्या चोरीचे असो वा नसो. भाषा नीट येत नाही, वकील ओळखीचा नाही, गाव हजार मैल लांब. घेणाऱ्यांत एखादा खरोखरच डोळे मिटून घेणारा असतो, हेही आपण आपापसात नाकारू नये. स्वस्तात आलेली मोड पाहून ज्याने प्रश्न विचारला नाही, त्याच्यामुळे गल्लीतली दहा दुकाने भरडली जातात.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या वेळी यात आणखी एक भर होती. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी अर्थमंत्री म्हणून सुवर्ण नियंत्रण आणले. नवे दागिने १४ कॅरटच्या वर करायला बंदी झाली आणि देशभरातल्या सोनारांचे हात थांबले. ती अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने बिनपरवान्याच्या माणसाला लगडीच्या रूपात सोने बाळगता येईना. डाग म्हणून घरात असेल तर चालेल, वितळला की गुन्हा. ज्यांचा धंदाच वितळवण्याचा, त्यांच्यासाठी हा कायदा काय असेल याची कल्पना करावी. तो १९९० मध्ये रद्द झाला. त्या काळात तयार झालेली लपूनछपून, तोंडी, बिनावहीचा व्यवहार करण्याची सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही, आणि आज आपल्याला सर्वांत महाग पडते ती तीच.

जप्त झालेल्या सोन्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली गुजरातमधल्या एका प्रकरणात महत्त्वाचे निर्देश दिले. मौल्यवान वस्तू पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे पाडून ठेवू नयेत. सविस्तर पंचनामा करावा, फोटो काढावेत, हमीपत्र घ्यावे आणि हक्कदाराला लवकर परत द्याव्यात. पुढे खटल्यात पुरावा म्हणून ते फोटो आणि तो पंचनामा चालतो. आपल्यातल्या ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांच्यापैकी कितींनी हा निकाल न्यायालयापुढे ठेवला? पण तो ठेवण्यासाठीही सोने आपले आहे हे दाखवणारा कागद हातात हवा.

मधल्या काळात गहाणाचा बाजारच बदलला. केरळातल्या कोळंचेरीच्या मुथूट घराण्याने १८८७ साली व्यापार सुरू केला आणि १९३९ मध्ये सोनेतारणाकडे वळले. त्रिशूर जिल्ह्यातल्या वलपाडला १९४९ मध्ये मणप्पुरमची पेढी निघाली. दोन्हीही कुटुंबांच्याच पेढ्या, आणि त्यांच्या शाखा आज देशभर आहेत. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा कंपन्यांना सोन्याच्या किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याचे बंधन घातले, २०१४ मध्ये ते ७५ टक्के केले. राज्यांचे सावकारी कायदे या कंपन्यांना लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरवले. जाळी गेली, काच आली, वातानुकूलन आले. पण लाखेची वजावट, हरवलेली पावती आणि नवऱ्याने ठेवलेले गंठण काचेच्या पलीकडेही तसेच आले. फक्त ‘मोठे शेठ केव्हा येणार’ असे विचारायची सोय राहिली नाही.

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोनेतारणाचे नियम नव्याने काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितले. कस लावताना कर्जदार समोर हवा. वजन आणि वजावट लिहून द्यायची. कागद त्याला समजेल अशा भाषेत. कर्ज फिटल्यावर डाग त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत परत, नाही तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम. हे सगळे बँकांना आणि वित्त कंपन्यांना. गल्लीतल्या पेढीला आपापल्या राज्याचाच कायदा.

आणि गलाईच्या दुकानाला? तिथे आजही आपली वहीच. मोड आणणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, वितळवण्याआधीचा डागाचा फोटो, वजन, दिलेल्या पैशांची बँकेतून गेलेली नोंद आणि सही. काही गावांत आपल्या मंडळींच्या संघटनांनी हे सर्वांना सारखे लावून घेतले आहे. त्यासाठी डागामागे पाच-दहा मिनिटे जातात, आणि गिऱ्हाईक कधी कधी रागावून शेजारच्या दुकानात जाते.